कोबीचा भाव

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. अमेरिकेतल्या ॲन आर्बरचा गुरुनाथ तोंड न पोळताच ताक फुंकायचा. दुधाच्या कॅनवरची तारीख त्याला खोटी वाटे, बसचं वेळापत्रक खोटं वाटे, आणि सरकार कुठलंही असो, त्याचे आकडे तर हमखास खोटे. नोकरीही त्याला स्वभावाला साजेशी मिळाली होती. एका छोट्या कंपनीसाठी तो केनियाच्या अर्थव्यवस्थेचे अंदाज लिहायचा. केनियात मात्र हा गृहस्थ एकदाही गेला नव्हता.

तिथले त्याचे डोळे म्हणजे रत्नामावशी. एल्डोरेट गावात तिनं जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि यजमान गेल्यावरही ती तिथंच राहिली. दर रविवारी सकाळी गुरुनाथ परदेशी फोनचं कॉलिंग कार्ड खरवडून तिला फोन करी आणि पीठ, साखर, कोबी, रॉकेल यांचे भाव विचारी. सरकारी महागाईपेक्षा मावशीची पिशवी खरी, असं त्याचं म्हणणं.

२००७ साली त्याचा संशय शिगेला पोचला. वाढीचा दर चढता, पर्यटक वाढलेले, चहा-फुलांची निर्यात जोरात, लोक मोबाइलवरून पैसे पाठवायला लागलेले. "इतकं गोड आहे म्हणजे कुठंतरी माशी पडलीय," असं तो बायकोला, सुवर्णाला, सारखं ऐकवायचा.

नोव्हेंबरात मावशी फोनवर म्हणाली, "कोबीचं नको विचारूस. वांजिरू भाजी विकायची ना, ती गाव सोडून गेली. तिचा भाऊ म्हणाला, इलेक्शनआधी इथून निघ, आपल्या जमातीला इथं बाहेरचे समजतात."

"बरं, पण दुसरीकडे कोबी काय भाव?"

फोन स्पीकरवर होता आणि सुवर्णा शेजारीच उभी होती. "अरे, ती का गेली ते नीट विचार ना!"

"एका बाईवरून ट्रेंड ठरत नाही गं."

"गुरू, मी ख्रिसमसला तुमच्याकडे येऊ का?" मावशीनं विचारलं. "तू म्हणशील तसं. यातलं तुला कळतं."

गुरुनाथला लगेच वास आला. हे सुवर्णानंच तिच्या डोक्यात भरवलं असणार! शिवाय ऐन निवडणुकीतले भाव त्याला हवे होते. "इलेक्शन होऊन जाऊ दे मावशी. जानेवारीत ये की आरामात."

"बरं," मावशी म्हणाली.

निवडणूक झाली आणि निकालावरून दंगली पेटल्या. टीव्हीवर एल्डोरेट जळताना दिसत होतं. मावशीचा फोन लागेना. ऑफिस नवा अंदाज मागत होतं, पण गुरुनाथनं फाइल उघडली नाही. बातम्या खोट्या असाव्यात, असं त्याला जिवाच्या आकांतानं वाटे. पण जन्मभराचा संशय नेमका आता त्याला येईना.

शेवटी मावशीचाच फोन आला. ती नैरोबीत एका जुन्या विद्यार्थिनीकडे होती. शेजारच्या दुकानाची आग पसरून तिचं घर गेलं होतं. अंगावरच्या कपड्यांनिशी ती बाहेर पडली होती.

गुरुनाथला रडू आवरेना. मग त्यानं विचारलं, "मावशी, ती वांजिरू कशी आहे?"

"ती सुखरूप आहे. तिला भाऊ वेळेवर निघ म्हणाला होता. मला तू थांब म्हणालास."