नुसती घुमणारी मोटर

मे महिन्यातल्या एका दुपारी आरिफाच्या पंपाची मोटर फट्‌दिशी आवाज करून थांबली. पुन्हा बटण दाबलं तर फिरेना, नुसती घुमत राहिली. उरवडे गावाबाहेरच्या तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाराशे कोंबड्या होत्या. त्यांचं पिण्याचं पाणी आणि पत्रा गार ठेवणारे छतावरचे फवारे, दोन्ही ह्याच मोटरवर. टाकीचा तळ दिसत होता.

तिनं मेन स्विच पाडला आणि मोटरवरची टोपी काढली. मोटरला सुरुवातीचा झटका देणारा काळा कपॅसिटर फुगून फुटला होता. त्यावरचा क्षमतेचा आकडा जळून गेला होता.

आकडा माहीत असणारा एकच माणूस होता, तिचा नवरा मतीन. त्यानं वीस वर्षं गावोगावच्या जळक्या मोटरींत तांब्याची नवी तार भरली. हीसुद्धा त्यानंच भरलेली. पण दीड वर्षापूर्वी लकव्यानं त्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आता तो शेडला लागून असलेल्या घरात खिडकीजवळच्या खाटेवर पडून असायचा. 'हो' म्हणायचं तर डोळे मिटायचा.

शेजारच्या साळूबाईला कोंबड्यांना हंड्यांनी पाणी द्यायला सांगून आरिफानं पिरंगुटला स्कूटर पिटाळली.

"एक हॉर्सपॉवरला शंभर-एकशेवीस चालतो," दुकानदार नरहरी म्हणाला. "पण मतीनभाईंनी वाइंडिंग बदललंय ना, वहिनी? कमी पडला तर उचलणार न्हाई. जास्त झाला तर वाइंडिंगच जळंल. मग चार दिवस मोटर इसराच."

"चार दिवस कशाला, तासभर बी न्हाई माझ्याकडं."

त्यानं तीन कपॅसिटर पिशवीत घालून दिले. "त्यांनाच विचारा. उरलेले परत आणा."

ती परतली तेव्हा शेडमध्ये कोंबड्या चोची वासून पडल्या होत्या. साळूबाईनं मेलेल्या दाराशी ओढून ठेवल्या होत्या. "आरिफा, हंड्यानं किती पुरणार गं?" एवढंच ती म्हणाली.

आरिफा खाटेशी बसली. "अहो, नीट बघा. साठ-ऐंशी?" मतीन बघत राहिला. "शंभर-एकशेवीस?" काही नाही. त्याला कळतंय का, की सगळंच विसरलाय? तिनं तिसरा त्याच्या तोंडासमोर धरला. "दीडशे-दोनशे?"

त्यानं डोळे मिटले. घट्ट, बराच वेळ.

तिनं तारा जोडल्या आणि बटण दाबलं. मोटर फिरली. साळूबाई रडायलाच लागली. तेवढ्यात खिडकीतून दणदण आवाज आला. मतीन डाव्या हातानं खाटेची लोखंडी दांडी बडवत होता. आरिफानं मोटर बंद केली आणि आत धावली.

"काय झालं? चुकला का?" डोळे उघडेच. त्यानं जीभ टाळूला लावून सोडली, टक्‌. पुन्हा तेच.

तिला उमजलं. मोटरनं वेग धरला की आतला स्विच टक्‌ करून कपॅसिटरला बाजूला काढतो. तो टक्‌ आवाज आलाच नव्हता. म्हणूनच पहिला फुटला असणार आणि हाही फुटला असता.

"स्विच चिकटलाय?"

मतीननं डोळे मिटले.

तिनं मोटरचं मागचं झाकण उघडलं. स्विचची टोकं काळी पडून एकमेकांना धरून बसली होती. बाहेर साळूबाई मेलेल्या मोजत होती, मग मोजायची थांबली. आरिफानं टोकं सुटी केली, पॉलिश पेपरनं घासली, झाकण बसवलं. ह्या वेळी मोटर उठली, टक्‌ झालं आणि पाणी चढलं.

चारशेच्या वर कोंबड्या गेल्या. दोघींनी खड्डा खणून, चुना टाकून त्या पुरल्या. आरिफा हात धुऊन आत आली, तेव्हा मतीनच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. तिनं ते पदरानं टिपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही-पेन घेऊन खाटेशी बसली.

"गेणबांच्या विहिरीवरची मोटर, तुम्हीच भरलेली," ती म्हणाली. "साठ-ऐंशी?"