पहिलं वाण कुणाच्या घरी

गुणाबाईंची लेक दीपमाला ग्रीनलंडात शिकते, एवढं किल्लारीत सगळ्यांना ठाऊक होतं. काय शिकते, हे मात्र खुद्द गुणाबाईंनाही धड सांगता येत नसे. कुणी म्हणे बर्फाचं, कुणी म्हणे हवामानाचं. त्यांचे मालक हणमंतराव "पर्यावरण, न्याय आणि राज्यकारभार" असं पाठ केलेलं सांगत आणि पुढचा प्रश्न यायच्या आत तंबाखू मळायला घेत. नावात 'ग्रीन' आणि देशभर बर्फ, अशा मुलखात न्याय कुणाला द्यायचा, हे कोडं गुणाबाईंनी देवावर सोडलं होतं.

यंदा संक्रांतीला लेक घरी आली आणि ते कोडं त्यांच्याच पदरात पडलं. तिकडे समुद्रकाठी एक लहानशी वस्ती होती. तिच्या समोरचा डोंगर पिढ्यान्‌पिढ्या आतून गोठलेला, म्हणून घट्ट. आता ऊब वाढली, गोठलेलं विरघळायला लागलं आणि डोंगर ढिला झाला. उद्या समुद्रात कोसळला, तर उसळणाऱ्या लाटेत अख्खी वस्ती जाईल. सरकार म्हणत होतं, शहरात घरं देतो, उठा. दीपमाला अभ्यासासाठी ज्या नाया नावाच्या म्हातारीकडे जायची, तिचा पाय काही निघेना. या पोरीचं गाव भूकंपात पडलं आणि दुसरीकडे वसलं, हे कळल्यावर म्हातारीने तिला सांगितलं होतं: तुझी पुस्तकं राहू देत, आईला विचार, आम्ही जावं की राहावं. तुझी आई सांगेल ते मी वस्तीच्या बैठकीत सांगेन.

बैठक तोंडावर आली होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोनवर नायाशी बोलायचं ठरलं.

गुणाबाईंची झोपच उडाली. भाकरी थापताना त्या म्हणाल्या, "जा म्हनावं. जीव वाचला तर समदं हाय." भाकरी फुगायच्या आत म्हणाल्या, "नगं, थांब. तसं नगं सांगू." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तीस वर्षांहून जास्त काळ त्या नव्या गावात राहत होत्या. सरळ रस्ते, पक्की घरं, नावं ठेवायला तशी जागा नव्हती. तरी जा म्हणताना जीभ का अडते, हे त्यांना काही केल्या उमगेना. दूरच्या माणसांचं घर आपल्या शब्दावर हलणार, या विचारात तव्यावरची भाकरी करपायची.

त्यात संक्रांतीलाच गुडघा धरला. वाण वाटायला जायचं होतं. दीपमाला म्हणाली, मी देऊन येते. गुणाबाईंनी सुगडी भरलेली दुरडी तिच्या हाती दिली, सहा घरं सांगितली. पोरगी हुशार. तिने फोनमध्ये नकाशा काढला, जवळचं आधी, लांबचं शेवटी असा रस्ता आखला आणि दिवेलागणीला दुरडी रिकामी करून परतली.

"आधी कुणाकडं गेलतीस?" गुणाबाईंनी सहज विचारलं.

"पुनमवहिनींकडे. जवळच आहे ना. महानंदामावशी शेवटी."

गुणाबाईंनी कपाळाला हात लावला. जुन्या गावातली गल्ली नव्या गावात चहूकडे पांगली होती, पण गुणाबाईंचं वाण जुन्या गल्लीच्याच क्रमाने जायचं. त्यासाठी दर वर्षी त्या गाव आडवंउभं तुडवायच्या. दीपमालाला वाटायचं, आईला रस्ते कळत नाहीत. पहिलं घर कायम महानंदाचं. जुन्या गल्लीतली ही सख्खी शेजारीण आता गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची. नवी घरं जमिनीच्या हिशोबाने मिळाली. गुणाबाईंची जमीन जास्त, महानंदाची एवढीशी, म्हणून एक या अंगाला, दुसरी त्या.

महानंदा काय म्हणाली, ते दीपमालाने चाचरत सांगितलं. वाण देव्हाऱ्यापाशी ठेव म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गुणाबाई गुडघ्याला फडकं बांधून, लेकीला घेऊन निघाल्या. महानंदा दारातच बसली होती. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"अक्का, पोरीला ठावं नव्हतं. म्याच सांगितलं न्हाई."

महानंदाने सरकून उंबऱ्यावर जागा केली. मग दीपमालाकडे बघत म्हणाली, "तुजी आई नवी नवरी व्हती. आमच्या दोघींच्या घराला मधी एकच भिंत. भूकंपाच्या पहाटं ती भिंत पडली. हिची बांगडी वाजत व्हती दगडाखाली. ती ऐकून म्या हातानं दगड काढले. लांब असते, तर ऐकू आलं असतं का?"

दीपमाला आईकडे बघत राहिली. हे तिला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. गुणाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

फोनची वेळ तिथेच झाली. पडद्यावर नाया आली, सुरकुतलेली, खिडकीशी बसलेली. तिकडे अजून दुपारही झाली नव्हती, तरी बाहेर अंधार. बिचारीला दिवसाही दिवा लागतो, असं महानंदा पुटपुटली. दीपमाला दोघींचं बोलणं एकमेकींच्या भाषेत सांगू लागली.

गुणाबाई म्हणाल्या, "बाई, जायाचं का न्हाई, ते मला अजूक कळंना. डोंगर पडायचा आसंल तर जा. पर घरं वाटायच्या आधी बसून ठरवा, कुणाच्या भिंतीला कुणाची भिंत. ते सरकारवर सोडू नगा. मागून घ्या."

नायाने ते दोनदा विचारून नीट समजून घेतलं. मग तिने एकच प्रश्न केला: तुम्हाला कुणी विचारलं होतं का, शेजारी कोण हवं?

गुणाबाईंनी महानंदाकडे पाहिलं. महानंदाने हळूच त्यांचा हात धरला, बांगड्यांपाशी.

"न्हाई," गुणाबाई म्हणाल्या. "आमाला काय पायजे, ते इचारनारी तूच पहिली."

नाया वाट बघत होती. आपणही आईला हे कधी विचारलं नव्हतं, हे दीपमालाला ते वाक्य तिला सांगतानाच उमगलं.