अंगणातली हाक
बोईसरच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला की एडवणचं ते अंगण आठवतं. आरोग्य सर्वेक्षणाला गेले होते. घरधन्याला विचारलं, "घरात कोणी अपंग?" "नाय. सगली कामाची हायत." बायको पाठमोरी बोंबील वाळत घालत होती. त्या मेल्याने हाक न मारता चुलीचं लाकूड तिच्या पाठीत फेकून हाणलं. ती वळली तसा अंगठा तोंडाशी नेत म्हणाला, "पानी आन बाईंना!" तिने तेच लाकूड उचलून त्याच्या टाळक्यात घातलं. रक्त वाहिलं तरी मारतच राहिली. "अगं थांब!" मी किंचाळले. तो माझ्यावरच खेकसला, "वरडताय काय? तिला आयकू येत नाय!" छापील प्रश्न आता मी नंतर विचारते. आधी विचारते, "या घरात एकमेकांना हाक कशी मारता?"