मामाजींचा निरोप

मामाजींनी सांगितलेला निरोप मी वेळेवर पोहोचवला नाही. त्या उशिराचे दिवस मी घरी काढले. त्यांनी नागपूरच्या जेलात.

हिंगण्याच्या कंपनीतल्या हाणामारीत माझंही नाव आलं आणि मी कच्चा कैदी म्हणून आत गेलो. बराकीत माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते मामाजी, उमरेडचे जुने विणकर. भेटीच्या दिवशी ते सगळ्यांआधी आंघोळ करत, भांग पाडत, सदऱ्याची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावत आणि दाराजवळ बसत. त्यांचं नाव कधीच पुकारलं जात नसे.

"मामाजी, आज कोण येऊन राहिलं?" पोरं चिडवत.

"तुह्या सासूले बोलावलं. तुह्यावर पाळत ठेवाले."

कुणी भेटीहून परतलं की ते त्याला गाठत. "पहिले घरचं सांग. वकिलाचं मंग." कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या बायकोनं शिलाई मशीन घेतली, त्यांना साऱ्यांची घरं पाठ होती. माझी बायको पहिल्यांदा आली आणि नुसती रडून गेली, तेव्हा मलाच म्हणाले, "काही खाऊन आली का, इतकं तरी इचारावं ना गा!"

वकील ठेवायची माझी ऐपत नव्हती आणि मोफत वकील मागायला जीभ उचलत नव्हती. मामाजी भडकले. "भीक मांगून राहिला का तू? हक्क होय थो. जा, साहेबाले सांग." त्या वकिलानंच मला जामीन मिळवून दिला.

जामीन मामाजींचाही मंजूर होता. जामीनदार तेवढा नव्हता आणि मुलाचा फोन लागत नव्हता. मी सुटलो त्या सकाळी ते म्हणाले, "उमरेडले जाजो. स्टँडवर पोरगा ऑटो चालवते. त्याले म्हन, जामीन झाला, फक्त उभं राहाले ये." मी हो म्हटलं.

पण मोहल्ल्यात मी रायपूरला कामाला होतो, असं घरच्यांनी सांगून ठेवलं होतं. निरोप द्यायचा म्हणजे 'तुझ्या बापासोबत जेलात होतो' हे तोंडानं म्हणायचं. एकदा उमरेडच्या बसमध्ये बसलोही. मागून कंपनीतल्या एकानं हाक मारली, "काहून गा, उमरेडले काय काम?" 'चुकीच्या बसमध्ये बसलो' असं सांगून उतरलो. बायकोला सांगितलं, निरोप दिला. त्यानंतर भेटीचा वार आला की मला आंघोळीला जाववत नसे.

दिवाळीत बायको म्हणाली, "मामाजी घरी असतील ना हो आता? फराळ घेऊन जाऊ." मी ताटावरून उठलो. दुसऱ्या दिवशी उमरेड गाठलं.

मुलगा स्टँडवरच सापडला. ऐकता ऐकता ऑटोला टेकून खाली बसला. "मले तर कोर्टात सांगतलं होतं का जामीन नाकारला. बापाले बाहेर काढता येत नाही, तं कोन्या तोंडानं भेटाले जाऊ?" लगेच कागदपत्रं घेऊन तो नागपूरला आला. कोर्टाचं काम होईपर्यंत भेट घेऊ म्हणाला आणि मलाही सोबत नेलं.

काचेपलीकडे मामाजी खूप वाळले होते. मुलाशी बोलणं कमी, बघणंच जास्त झालं. मग मुलानं काचेजवळचा फोन माझ्या हातात दिला. मी काही बोलायच्या आत सबब त्यांनीच पुढे केली.

"तब्येत बिघडली होती काय गा तुही?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही, मामाजी," मी म्हणालो. "धडधाकट होतो. लाज वाटत होती, म्हून गेलो नाही. तुमचे इतके महिने माह्यापायी गेले. मले माफ करा."