अब्दुल्लाच्या मुली

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते आमच्या गावच्या केशव गुरुजींचे. त्यांनी शिकवले म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास तुर्की सुलतानाच्या राजवाड्यातल्या दासींवरचा त्यांचा लेख मी स्वच्छ उतरवून घाटकोपरच्या एका छापखान्यात दिला. शीर्षक होते 'राजवाड्यातली फुले'.

तिथल्या प्रूफ तपासणाऱ्या बाई अंबाड्यात पेन्सिल खोचून बसत आणि काना-मात्रांसकट मोठ्याने वाचत.

"काय रे ग्रॅज्युएट," त्या म्हणाल्या, "नर्गिस काय, गुलबहार काय, सगळ्यांचा बाप अब्दुल्लाच? उतरवताना झोपला होतास?"

मी सांगितले, चूक नाही. विकत घेतलेल्या बाईला मुसलमान करून नवे नाव देत आणि दप्तरात बापाच्या जागी अब्दुल्ला, म्हणजे देवाचा दास, असे लिहीत.

"लग्नात माझंही नाव बदललं," बाई म्हणाल्या. "पण माहेरी गेले की आई जुन्याच नावाने हाक मारते. ह्यांना कोण हाक मारणार रे? आणि तुम्ही फुलं म्हणता!"

त्यांनी प्रत्येक नावापुढे समासात 'खरे नाव?' असे लिहिले आणि छपाईच्या मंजुरीची सही न करताच प्रूफ परत दिले. मला संताप आला, तो आधी स्वतःचाच. तो लेख मी वळणदार अक्षरात उतरवला होता आणि एकदाही अडखळलो नव्हतो.

त्याच संध्याकाळी पत्र टाकले:

'ती. गुरुजींस शिरसाष्टांग नमस्कार. लेख मी थांबवला आहे, क्षमा असावी. त्या फुले नव्हत्या, विकलेल्या बायका होत्या. शीर्षक बदलावे आणि प्रत्येकीचे खरे नाव लिहावे. ते ठाऊक नसेल, तर ठाऊक नाही असे लिहावे.'