आवाजाचं चाक

मिल बंद झाली तेव्हा गयाबाईला वाटलं होतं, नवरा आता दिवसभर घरात बसून डोकं खाणार. झालं उलटंच. नथू गप्प झाला.

इंदूरच्या त्या कापड मिलच्या लूमखात्यात, मागांवर, त्याने उभी जवानी काढली होती. आता तो दाराशी खुर्ची टाकून बसायचा. शेजारच्यांकडे पोरगी झाली म्हणून सांगितलं तरी "हो", आणि गल्लीतले आजोबा गेले म्हणून सांगितलं तरी "हो". नातेवाईक म्हणायचे, "नथूभियाचं मन मिलमध्येच राहिलं." गयाबाईला मात्र राग यायचा. एवढी वर्षं संसार केला आणि या माणसाला आपल्याशी दोन शब्द बोलायचेही जड झाले!

त्यांची मुलगी दीक्षा सियागंजात विजेच्या सामानाच्या होलसेल दुकानात कामाला होती. बाजार खुला झाला होता आणि बाहेरदेशचा माल खोक्यांनी येऊन पडत होता. त्यातूनच तिने बापासाठी हातात मावेल एवढा एक गेम आणला. वरून विटा पडायच्या, त्या फिरवून ओळीत बसवायच्या. ओळ भरली की गायब.

नथूने तो हातात घेतला आणि खुर्चीत सरळ होऊन बसला. तुटला धागा लांबून हेरणारी नजर ती. वीट अर्ध्यात असतानाच तिची जागा त्याला दिसायची. पडदा करडा, मंद. सावलीत काही दिसायचं नाही म्हणून तो उन्हाच्या मागेमागे खुर्ची सरकवायचा. पण त्या डबीतून सारखी पीं-पीं, आणि एक किरकिरं गाणं.

"अहो, बंद करा ना ते! भेजा पकला माझा!" गयाबाई आतून ओरडायची. नथू मान वर करायचा नाही.

खेळून खेळून त्याची बटणं बसली, तेव्हा दीक्षाने नवीन मॉडेल आणलं. बापाच्या समोर उकिडवी बसून, त्याच्या डोळ्यांपुढे धरून तिने सगळं दाखवलं. "पप्पा, बघा, पडद्यात लाइट आहे. आता उन्हात बसायला नको. बटणं रबराची आहेत, अंगठा नाही दुखणार. आणि बंद केलं तरी स्कोर पुसला जात नाही." मग आईकडे वळून म्हणाली, "आणि ही सोय खास तुझ्यासाठी. इथे इयरफोन लागतो."

"ज्याने हे भोक पाडलं त्याचं भलं होवो," गयाबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी घरात खरंच शांतता होती. गयाबाई तांदूळ निवडत होती. नथूने इयरफोन कानांत घातले होते आणि गेमच्या कडेचं आवाजाचं बारीक चाक अंगठ्याने फिरवत होता. एकदम तो ओरडला, "गया! अगं, यात गाणं आहे!"

"आहे म्हणजे? सालभर तेच तर ऐकतेय मी!"

नथूचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. लहान मुलासारखा चेहरा करून तो ऐकत होता. गयाबाईने उठून त्याच्या एका कानातला इयरफोन काढला, आपल्या कानात घातला आणि चटका बसल्यासारखा ओढून काढला. कानात दाभण घुसावं असा आवाज होता. चाक पार टोकापर्यंत फिरवलेलं होतं.

ती तशीच खाली बसली. मग गेम त्याच्या हातातून काढून घेतला आणि सावकाश विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही का?"

नथू तिच्या ओठांकडे बघत होता. "कमी येतं. बहुत वर्षं झाली."

"मग मिलमध्ये कसं चालायचं?"

"तिथे कोणाला येत होतं? मागांच्या खडखडाटात सगळे हातांनीच बोलायचे. बहिरा काय, चांगला काय, सब एक बराबर."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"मिल सुटल्यावर दुसरीकडे काम बघत होतो ना. बहिऱ्याला कोण ठेवतं? मग राहूनच गेलं."

गयाबाईला आठवलं, लूमखात्यातला संताजी रस्त्याच्या पलीकडे दिसला की हाच माणूस हात उडवत, खदखदून हसायचा. तिला वाटायचं, मित्रांसाठी याच्याजवळ हसू आहे, आपल्यासाठी नाही. इतक्या दिवसांचा राग आता कुठे ठेवावा, ते तिला कळेना. ती डोळ्यांना पदर लावून रडली. नथू घाबरून गेमकडे हात नेत म्हणाला, "अगं, देतो बंद करून!" तेव्हा तिला हसूही आलं.

दीक्षाने बापाला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मशीन मिळालं. घरात त्याचा उपयोग व्हायचा. गर्दीत मात्र ते शिट्ट्या मारायचं, की नथू काढून खिशात टाकायचा. मग गयाबाईच म्हणाली, "मला शिकवा तुमची ती हातांची बोली."

नथूने शिकवली. चिमूट ओठांशी तिरकी केली की चहा. मिशीला पीळ दिला की मुकादम आला, गप्प बसा. हा मिशीचा इशारा गयाबाईने आपल्या नणंदेसाठी राखून ठेवला. नणंद दारात आली की नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे आणि दीक्षाला हसू आवरण्यासाठी आत पळावं लागायचं.

त्या एप्रिलमध्ये जयंतीला ती तिघं महूला गेली. ढोल, भोंगे, निळे झेंडे, माणसांचा नुसता पूर. लोंढ्यात गयाबाई रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला ढकलली गेली. आजूबाजूला लोक आपापल्या माणसांना हाका मारत होते, आणि कोणाचं कोणाला ऐकू जात नव्हतं. तिने टाचा उंचावल्या. पलीकडे नथू दिसला. त्याने हात वर करून विचारलं, पाय दुखतात का? तिने सांगितलं, हो. तो म्हणाला, तिथेच थांब, दीक्षा माझ्याजवळ आहे, गर्दी सरली की येतो.

शेजारच्या बाईने तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "किसको इशारे कर रही हो, बाई?"

"आमचे हे आहेत पलीकडे," गयाबाई ओरडून म्हणाली. "बोलतोय आम्ही." आणि तिने चिमूट ओठांशी नेली.