वरचा बोल्ट

कोणी भुताखेतांचा विषय काढला की मी चहा टाकायला उठते, इतका मला त्याचा कंटाळा. झाशीतल्या आमच्या मराठी घराण्यात पिढ्यानपिढ्या पूजा सांगणारे होऊन गेले. माझे वडील, अण्णा, तेवढे बिजौलीच्या एका कारखान्यात फिटर. त्यांचा विश्वास पान्यावर, आणि त्यांच्यामुळे माझाही. तेव्हा पुढचं वाचून हसलात तरी चालेल... मीही हसले असते. आणि आम्ही इथे मराठी घरात बोलतो तेवढीच, लिहायची सवय नाही. चुका पोटात घाला.

अण्णांकडे एक पिकअप आहे, लिलावात घेतलेला, माझ्याहून थोडासाच लहान. माझ्या लहानपणी रविवारी ते त्याच्याखाली आडवे आणि मी शेजारी उकिडवी, मुठीत बोल्ट धरून. नियम एकच — मागितल्याशिवाय मूठ उघडायची नाही. "बोल्ट हरवत नाही, बेटा. आपण तो घाईत कुठेतरी ठेवतो," असं म्हणायचे. त्यांची आणखी एक खोड होती. पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचं चित्र काढायचं, जिथे जिथे बोल्ट तिथे भोक पाडायचं, आणि निघालेला प्रत्येक बोल्ट फडक्यानं पुसून आपापल्या भोकात खोचायचा. देवघरातले टाकसुद्धा कोणी इतके निगुतीनं मांडत नसेल.

गेल्या वर्षी अण्णांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे, पण नजर छताला. डॉक्टर म्हणाले, ओळख उरलेली दिसत नाही. आई तरी त्यांच्याशी बोलत राहिली. मी बंद केलं... उत्तर येत नाही हे मला सोसवत नव्हतं. एक दिवस त्यांच्या देखतच मी आईला म्हणाले, "पिकअप विकून टाकू. त्यांना आता काय कळतंय!" हे मी बोलले आहे, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

बरुआसागरचे एक भाजीवाले भैया गाडी घ्यायला तयार होते, पण दुसरा गिअर सटकत होता. आधी तो नीट करून द्या, म्हणाले. म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवणं आलं. पिकअप बिजौलीला शकूर चाचांच्या शेडमध्ये उभा होता. चाचा म्हणजे अण्णांचे कारखान्यातले जुने सोबती.

मे महिन्यातला शुक्रवार. दुपारी चाचा नमाजाला निघाले. जाता जाता म्हणाले, "बिन्नू, हम आ रये. तब लौं हात न लगइयो." म्हणजे ते येईपर्यंत हात लावायचा नाही. मी "जी चाचा" म्हटलं. ते गेल्यावर लूच्या गरम वाऱ्यानं दार आपटायला लागलं म्हणून आतून कडी लावली, आणि शिरले गाडीखाली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

तेल आदल्या दिवशीच काढलं होतं. केबिनमधून गिअरचा दांडा काढला, मागचा शाफ्ट सोडवला, स्टार्टर काढला. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा दिला, गिअरबॉक्सला जॅकचा टेकू दिला आणि खालची आडवी पट्टी सोडवली. मग गिअरबॉक्स इंजिनाला जखडणारे बोल्ट. अण्णांचा पुठ्ठा समोर खिळ्याला टांगलेला होता. मी मात्र एकेक बोल्ट सरळ डालड्याच्या डब्यात टाकत गेले. परत लावतील चाचा, माझं काय जातंय?

सगळे निघाले, तरी गिअरबॉक्स जागचा हलेना. गंजून धरला असेल. ठरवलं, जॅक जरासा उतरवायचा आणि गिअरबॉक्स दोन्ही हातांनी मागे ओढायचा. त्याआधी पाच मिनिटं डोळे मिटले.

खाली मी पाणी शिंपडलं होतं, पाठीखालचं पोतं गार लागत होतं. वर पत्रे उन्हानं तडतडत होते, पण लांब कुठेतरी, दुसऱ्याच कोणाच्या तरी घरावर असल्यासारखे. गाडीखालचा उजेड तळ्याच्या पाण्यासारखा हिरवट झाला आणि हळूहळू हलायला लागला. मग गिअर ऑइलचा तो उग्र वास आला. शेजारी कोणीतरी आडवं होतं. त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं. फडकं बोल्टच्या आट्यांवरून फिरत होतं... खर्र, खर्र... मग थांबायचं, मग पुन्हा. मला भीती वाटली नाही. रविवार आहे असं वाटलं. मला आठवतं ते एवढंच, की मी झोपेत मूठ घट्ट आवळून धरली होती.

दारावर थापा पडल्या तेव्हा जागी झाले. डालड्याचा डबा रिकामा होता. पुठ्ठा खिळ्यावर नव्हता, माझ्या कानाशी जमिनीवर होता. सगळे बोल्ट पुसून आपापल्या भोकात. फक्त वरचं एक भोक रिकामं.

मी टॉर्च वर मारला. केबिनच्या तळाआड, सहज दिसणार नाही अशा जागी, एक बोल्ट तसाच घट्ट बसलेला. मी जॅक उतरवून ओढलं असतं तर गिअरबॉक्स त्या एका बोल्टवर कलंडून जॅकवरून घसरला असता. खाली माझी छाती.

कडी काढली. चाचा रागावणारच होते, पण त्यांना पुठ्ठा दिसला. त्यांनी एका बोल्टच्या आट्यांवर बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "जो तौ भैयाजी को काम आय." अण्णांना ते भैयाजीच म्हणतात. दोघांनी मिळून तो शेवटचा बोल्ट काढला. मी तो खिशात टाकला.

लक्ष्मी गेटला घरी पोचले तर आई अण्णांचा उजवा हात साबणानं धूत होती. "अगं, दुपारी अंग पुसलं होतं मी यांचं. नखांत हे काळं कुठून आलं?" मी वास घेतला. गिअर ऑइलचाच होता.

माझी मैत्रीण म्हणते, तूच झोपेत बोल्ट पुठ्ठ्यात लावलेस. लावले असतील. पण नखांतलं तेल? मी तर तोवर घरी पोचलेही नव्हते.

त्या संध्याकाळी खिशातला बोल्ट मी अण्णांच्या उजव्या तळहातावर ठेवला. बोटं हळूहळू मिटली. तान्ही बाळंही मूठ मिटतात, डॉक्टर फोनवर म्हणाले. ठीक आहे. पण आईनं हात पुसायला ती मूठ उघडायचा किती प्रयत्न केला, उघडली नाही. सकाळी मी कॉटशी उकिडवी बसले आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्याशी बोलले.

"अण्णा, वरचा बोल्ट द्या."

मूठ उघडली. एवढ्या महिन्यांत मी त्यांच्याकडे काही मागितलंच नव्हतं.